रागीट डोळ्यांची लक्ष्मी

मु. तानसेन, जि. पाल्पा

सौ. हेरामाया हिला पूर्णरत्नकडून खूप खूप आठवण.

मी मजेत आहे, दोन वेळा भात मिळतो. तुझा खोकला कसा आहे? काढा घेतेस ना?

इथल्या एका व्यापाऱ्याच्या बायकोनं नव्या सुनेसाठी सोन्याचं पदक करायला सांगितलं. "त्यावर लक्ष्मी काढा. शांत, खाली बघणारी. सुनेनं रोज बघून काहीतरी शिकावं!"

कमळ, हत्ती, सगळं झकास उतरलं. आपल्या रीतीप्रमाणे डोळे शेवटी कोरले. त्या वेळी मनात देवी धरायची असते. पण मनात आलीस तू! गळकं छप्पर तसंच टाकून मी निघालो, त्या सकाळची.

पदक बघून सासूबाई मागंच सरकल्या. "सोनारभाऊ, ही तर माझ्यावरच डोळे वटारतेय! बदला आधी!"

"देवीचे उघडलेले डोळे मिटवू? मला पाप नको," मी म्हणालो.

सुनेनं पदक लगेच गळ्यात घातलं. आता सासूबाई तिला विचारतात, "बाळ, चहा टाकू का?"

तेव्हापासून गल्लीतल्या सगळ्या सुना माझ्या दारात! प्रत्येकीला तेच डोळे हवेत. त्यामुळे यंदा दशैंच्या सणाला घरी येणं जमणार नाही. छप्पर तुझ्या भावाकडून करून घे.

एकच अडचण आहे. इतक्या लांबून तुझा हसरा चेहराच तेवढा आठवतो. तेव्हा हे पत्र वाचून तोंडाला येईल ते सगळं लिहून पाठव. एक शब्दही गाळू नकोस.

तुझ्या धाकातला,
पूर्णरत्न