वाहक

अगं,

माझा रिपोर्ट आलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही वाहक आहात." मी म्हटलं, "हो, कंडक्टरच आहे मी." त्या हसल्या नाहीत. टायफॉईडचे जंतू माझ्या पोटात मुक्काम ठोकून बसलेत. मला साधी कणकणही नाही, पण माझ्या हातून दुसऱ्याला लागण होते. औषधाने जातील म्हणे. तोवर मी डेपोतल्या खोलीवर राहतो.

थोरलीचा ताप आज उतरलाय. मी चिरून ठेवलेलं सफरचंद तिला देऊ नकोस, टाकून दे.

आणि धाकटी गेल्यापासून तू शाळेच्या पाण्याला शिव्याशाप देतेस, ते आता बंद कर. तिला रोज मीच भरवत होतो.