निरोप पोचला

ताई,

तू रागावलीस ते बरोबरच आहे. आत्या म्हणाली, "इतक्या वर्षांचा अबोला मोडून तिनं तुझ्या वेबसाइटवर चार ओळी लिहिल्या, आणि तू हूं की चूं केलं नाहीस!" मी कपाळाला हात लावला.

अगं, वेबसाइट बनवायला शिकताना आधी नुसती दिसणारी बाजू शिकवतात. मी हुरळून माझ्या पडदे शिवायच्या कामाची साइट लगेच सुरू केली. निरोपाची चौकट, खाली बटण. दाबलं की हिरव्या अक्षरांत 'निरोप पोचला'! पण मागे ना सर्व्हर, ना डेटाबेस. निरोप साठवणारं काहीच नव्हतं. सर म्हणाले, "बाई, दार रंगवलंत, मागे घरच नाही."

आता मागचंही शिकले. निरोप खरंच साठला, तरच ती अक्षरं उमटतात. पण तू काय लिहिलं होतंस, ते आता फक्त तुलाच ठाऊक.

फोन करायचा धीर होत नाही, म्हणून हे त्याच चौकटीत लिहितेय. बटण दाबलं तर माझ्याकडेच येणार, हे कळतं मला. एवढं शिक्षण झालंय.

तुझी,
धाकटी