शिंक आली तर

सोमवार, दुपार

चिमणे, तुला पोटभर आशीर्वाद. खुशाल असशीलच.

तर मला बघायला सगळ्यांत आधी कोण टपकलं, सांगू? तुझा मामाआजोबा! माझा हा धाकटा भाऊ, जन्मभर गवंडीकाम करून आता घरी बसलेला, एरवी बोलावूनही येत नाही. मागोमाग मामीआजी, हातात संत्र्यांची पिशवी आणि तोंडात अख्ख्या गल्लीच्या बातम्या. घर कसं भरून गेलं! मला इतका आनंद झाला की दुखणं विसरलेच. दुखणं म्हणजे काही नाही गं, पाठ जरा धरली आहे. पेन्सिलीने लिहितेय, हसू नकोस.

बरं, आईने तुला सांगितलंच असेल, मग लपवून काय करू? मला शिंक आली. नुसती शिंक. आणि पाठीत कट्‌कन वाजलं. डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडात धरून दाखवला, मणका पाय पडलेल्या डब्यासारखा चेपलाय. तुझी आई म्हणाली, "शिंकून हाड मोडणारी तूच गं बाई!" खूप हसली. मी हळू हसले.

डॉक्टरीणबाई गोड आहेत. म्हणाल्या, "आजी, मोठं ऑपरेशन नाही. तेवढीच जागा बधिर करायची, जाड सुई घालायची आणि मणक्यात सिमेंट सोडायचं." मी विचारलं, "पाणी किती दिवस मारायचं?" त्यांना कळेचना. मग म्हणाल्या, ते काही मिनिटांतच घट्ट होतं.

हे मी घरी सांगितलं, तसा मामाआजोबा पेटला. "मिनिटांत? आक्के, पाणी मारल्याशिवाय सिमेंटला जोर येतो का कधी? भेगा पडतील भेगा! कुठल्या पोत्यातलं आहे ते विचार आधी."

मामीआजी म्हणाली, "आपल्या न्हाणीला महिनाभर पाणी मारलंत, ती अजून गळतेय. वन्सं, तुम्ही ह्यांचं ऐकू नका."

तेवढ्यात मला कूस बदलायची होती. दोघांनी धरलं, तरी माझ्या तोंडून असं काही निघालं की बाहेर कुत्रं भुंकायला लागलं. मामाआजोबा उठून स्वयंपाकघरात गेला. नळ बराच वेळ वाहत होता. आला तो तोंड पुसत. म्हणाला, "आक्के, करून घे. होऊ दे मिनिटांत घट्ट."

मी म्हटलं, करतेच की, भीती कसली! सगळ्यांना तेच सांगतेय.

पण चिमणे, पालथं झोपायचं, जागं राहायचं आणि तसूभर हलायचं नाही. सुई आत असताना मला शिंक आली तर? सिमेंट क्वचित बाहेर झिरपतं, नसेला लागलं तर पाय जायची भीती असते, असं बाई म्हणाल्या. फारच क्वचित, म्हणाल्या. पण शिंकेने हाड मोडणंही क्वचितच ना गं? आणि नाही केलं, तर अशीच पडून राहणार. शिंकेचं मी त्यांना विचारलंच नाही. हसतील. आईला केर काढू देत नाही, खिडकी उघडू देत नाही, ती चिडते. नाकात जरा हुळहुळलं की मी श्वास धरून पडते. उताणं पडून लिहिलं की पेनातून शाई उतरत नाही, म्हणून ही पेन्सिल.

तू लहानपणी इंजेक्शनच्या वेळी माझा अंगठा धरायचीस. असा आवळायचीस की नख पांढरं पडायचं, पण हलायची नाहीस. आत कोणाला घेत नाहीत म्हणे. दारापर्यंत सोबत आलेलं चालतं.

तू कामं टाकून येऊ नकोस, असं लिहायला बसले होते. ते आता लिहीत नाही.

मामाआजोबा आणि मामीआजी पुढच्या गुरुवारी सकाळी परत येतो म्हणालेत. मला दवाखान्यात न्यायला.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
आजी