कोरडा पुठ्ठा

टॅमसिन,

झोपली आहेस म्हणून उठवत नाही. माझी पायाला लावायची पावडर इंजिनवर कोणी उधळली म्हणून सकाळी मी भडकलोच होतो. मग त्या पांढऱ्यात तेलाचा काळा ओघळ दिसला. वरच्या पत्र्याच्या झाकणापासून निघून, इंजिनच्या पाठीमागून थेट खाली. मला दिसावा म्हणूनच तू तो पुसला नाहीस, हो ना? आणि मी महिनाभर खालचंच सील बदलत बसलोय! "बाबा, गळती वरून आहे," म्हणालीस तेव्हा मी जे बोललो, ते तुझ्या आईने ऐकलं नाही हे बरं.

झाकणाचे नट मीच दात-ओठ खाऊन आवळले होते, त्यानेच पत्रा वाकला. रात्री जागून तू तो ठोकून सपाट केलास, बुचाचं नवं पॅकिंग घातलंस आणि नट हलक्या हाताने आवळलेस. ही नजाकत माझ्या हाताला या जन्मी यायची नाही.

चहा होईपर्यंत इंजिन चालू ठेवलं. गाडीखालचा पुठ्ठा ठणठणीत कोरडा. गेल्या वेळी एका थेंबासाठी आपल्याला टेकडी चढायच्या शर्यतीतून परत पाठवणाऱ्या तपासनिसांना आज खुशाल वाकून बघू दे.

मी शेजारच्या रेजच्या व्हॅनमधून हत्यारं घेऊन पुढे जातोय. बेकन ओव्हनमध्ये आहे, खाऊनच नीघ. गाडी तू घेऊन ये, आणि आज टेकडीही तूच चढव.

ड्रायव्हरची सीट पुढे सरकवून ठेवली आहे. तुझे पाय पोचतील.

बाबा