पंचेचाळिसाव्या स्तोत्राच्या पुढच्या ओळी

पप्पा, तुम्ही गेल्यावर चर्चच्या मंडळीच्या स्मरणिकेत तुमच्यावर लिहिताना माझ्याकडून एक चूक झाली. ‘प्रभूचा स्वीकार केल्यावर नातेवाइकांनी त्यांना टाकलं,’ असं मी लिहिलं आणि ते तसंच छापून आलं. ते खरं नाही. आपल्याला कुणी टाकलं नव्हतं. जाणं-येणं तुम्ही बंद केलंत. आत्या तर आपल्या दारापर्यंत आली होती, आणि तिला परत पाठवायला जो आवाज वापरला गेला, तो माझा होता.

तेव्हा मी नऊ वर्षांची. शाळेत नाव घालायच्या आधीच तुम्ही मला स्वयंपाकघरात बसून वाचायला शिकवलेलं. आई भाकरी थापतेय, तुम्ही बियाण्याच्या गोदामातली पाळी संपवून आलाय, समोर बायबल, आणि तुमचं बोट ओळीखालून सावकाश सरकतंय. मी अडखळले तर तुम्ही रागावत नसत, फक्त ओळ पहिल्यापासून घ्यायला लावत. मी न अडखळता स्तोत्रं वाचते याचं तुम्हाला फार कौतुक होतं. पाहुणे आले की माझी उजळणी ठरलेलीच. त्या भाऊबीजेला पाहुणी म्हणून आत्या आली. वाटूरहून एकटीच एसटीनं. काखेत तुमच्यासाठी आणलेली घोंगडी, तुमच्या वडिलांच्या शेवटच्या मेंढ्यांच्या लोकरीची.

“तीन वर्सं झाली दादा, तू येईनास. मंग मीच आले,” ती म्हणाली. “ओवाळून घे, अन् चल माझ्यासंगं. लेकरं वाट पाहून राह्यलीत.”

“मी आता ओवाळून घेत न्हाई,” तुम्ही म्हणालात. ती म्हणाली, “नको घेऊस, जेवायला तर चल.” तुम्ही तिच्याकडे न बघता माझ्याकडे वळलात. “बेटा, पंचेचाळिसावं काढ. दहाव्यापासून वाच.”

मी खणखणीत वाचलं. राजाच्या लग्नाचं गाणं. नवरीला सांगितलंय की कान दे, आपले लोक विसर, बापाचं घर विसर, राजा आता तुझा स्वामी आहे, त्याला नमन कर. तिथं तुम्ही हात वर केलात. “बस, पुरे.” आणि आत्याला समजावून सांगितलंत: राजा म्हणजे ख्रिस्त, नवरी म्हणजे त्याची मंडळी, आणि बापाचं घर म्हणजे जुने देव, जत्रा, बोकड. आत्यानं पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं ती रडतेय. ती हसत होती. “म्हंजी नवरी तू व्हय रे? एवढ्या मिशा घेऊन?” आईला तव्यापाशी हसू फुटलं. तुमच्याही ओठांच्या कडा हलल्या. मग आत्याचं हसणं अर्ध्यावरच थांबलं. “नांदायला तू गेलास दादा,” ती म्हणाली, “अन् माहेर माझं गेलं.”

तुम्ही घोंगडीची घडी नीट केलीत आणि तिच्या हातात परत दिलीत. ती जिन्यावरून उतरत असताना मी अजून ओळीवर बोट ठेवून बसले होते, शाबासकीची वाट बघत. तुम्ही ती दिलीत. त्या संध्याकाळी तुम्ही जेवला नाहीत, पण मला शाबासकी दिलीत, आणि मला आनंद झाला. स्मरणिकेत लिहिताना मी हेच लपवलं.

आता हे सगळं का, ते सांगते. दोन महिन्यांपूर्वी आमच्या दवाखान्याच्या नोंदणीच्या खिडकीशी एक म्हातारी मोतीबिंदूसाठी आली. कागदावर वाटूर वाचलं, वडिलांच्या रकान्यात तुमच्या वडिलांचं नाव वाचलं, आणि माझा पेन थांबला. तिला माझा चेहरा धूसरच दिसत असणार, तरी ती म्हणाली, “नाक तर दादाचंच हाय.” ऑपरेशनच्या दिवशी मी तिच्याजवळ बसले. तिनं जुनं काहीच काढलं नाही. निघताना एवढंच म्हणाली, “बाई मेली की माहेरचं लुगडं लागतंय अंगावर टाकायला. माझ्या माहेरात आता तूच. पण मेल्यावर नको आणूस. जिवंतपणी आण, नेसून तरी पाहीन.”

मी आईला विचारलं, आत्याकडे जाऊ का. ती म्हणाली, “तुझ्या पप्पांनी केलं ते विश्वासानं केलं. तू त्यांचा न्याय करू नको.” चर्चच्या पाळकांना मी विचारलंच नाही. ते नको म्हणतील याची भीती नव्हती, ते बिनधास्त जा म्हणतील याची होती. मग न जाण्याला काही कारणच उरलं नसतं.

आणि नेमकं याच महिन्यात भगिनी मंडळात पंचेचाळिसाव्या स्तोत्रावर बोलायचं माझ्याकडे आलं. मी आठ दिवस त्यावर बसलेय. तुमचा अर्थ खोटा नाही, पप्पा. हे गाणं आधी इस्राएलच्या कुठल्यातरी राजाच्या लग्नाचं होतं, परक्या देशातून आलेल्या नवरीसाठी. नव्या करारातल्या ‘इब्री लोकांस पत्रा’त त्यातलं राजासनाचं वचन पुत्राविषयी म्हणून घेतलंय, आणि तेव्हापासून आपण त्या राजात ख्रिस्त पाहतो. मीही पाहते. बापाचं घर सोडणं म्हणजे काय, ते तुम्ही मोजून सांगितलंत. परत गेलो तर बळीच्या बोकडाच्या दोरीला हात लावावा लागेल, नाही म्हणवणार नाही, ही तुमची भीती असणार. ती आता मला कळते. पण तुम्ही जिथं ‘पुरे’ म्हणालात, त्याच्या पुढच्याच ओळीत सोर नगरीची कन्या भेट घेऊन येते. परक्या लोकांतली, परक्या देवांची. तिला कुणी दारातून परत पाठवत नाही. माझं बोट तेव्हा त्या ओळीच्या वरच होतं. मी वाचली असती तर?

कदाचित मी मला हवं तेच वाचतेय. वचनातून आपल्या सोयीचं काढणं ही चोरीच, असं तुम्ही म्हणायचात. म्हणून मी दहावं वचन पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात नवरीला विसरायला सांगितलंय. बहिणीचं माहेर काढून घ्यायला सांगितलेलं मला कुठं सापडलं नाही.

रविवारी बायकांसमोर मी हे बोलणार आहे, आणि आत्याकडे न जाता बोलले तर तेही नुसतं न अडखळता वाचणं होईल. लुगडं आणलंय, हिरवं, बारीक काठाचं. आईला सांगितलं की मैत्रिणीच्या आईसाठी आहे. आणि आत्याला अजून कळवलेलं नाही, म्हणजे ऐन वेळी माघार घेता यावी. हे पत्र पूर्ण झालं की आधी तिच्या मुलाला फोन करणार आहे आणि त्याला दिवस सांगून टाकणार आहे. येत्या शनिवारी, सकाळी, वाटूरवरून जाणाऱ्या मंठ्याच्या पहिल्या एसटीनं.