पाटा आधी, मग वरवंटा

पनवेल
२९ सप्टेंबर २०२५, सोमवार

चि. लियोरास आशीर्वाद.

नव्या वर्षाला तू हदासाआत्याच्या फोनवरून "शाना तोवा, पप्पा" म्हणालीस, त्याला आज सहा दिवस झाले. चौदा सेकंद बोललीस. मागच्या वर्षी नऊ होते, म्हणजे प्रगती आहे.

इकडे आम्ही ठीक. तुझ्या आईचा गुडघा आणि माझी जीभ सोडली तर बाकीचे अवयव अजून ऐकतात. परवा संध्याकाळी दरफाळणीचा उपास लागेल. यंदा तो नेमका दसऱ्याला आलाय. बाहेर लोक सोनं लुटणार आणि आम्ही बेने इस्रायली दारं लावून आपापली पापं आठवणार. खाली गरब्याच्या मांडवात दुपारपासून एक माणूस माइकवर "हॅलो, चेक" म्हणतोय. तीन तासांत त्याला कुणीही उत्तर दिलेलं नाही. मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटायला लागली आहे.

आई आतून सांगते, "अहो, तिला विचारा, केस गळायचे थांबले का. आणि हदासावन्संना म्हणावं, पोरीला रोज नुसती अंडी नका देऊ."

विचारलं. म्हटलं.

कागदावर लिहितोय, कारण मेल फार सहज पुसता येतो. त्याबद्दल पुढे.

बातमी अशी. जुलैत कळंबोलीच्या एका छोट्या हॉस्पिटलात आपल्या कंपनीचा पंप थांबला. रक्तदाब टिकवणारं औषध थेंबाथेंबाने शिरेत सोडणारा तोच पंप, ज्याच्यावर तू दीड वर्ष काम केलंस. बंद पडला नाही, थांबला. पडद्यावर आकडे होते तसेच राहिले, हिरवा दिवा लागलेला, भोंगा गप्प. बावीस मिनिटं औषध गेलं नाही. कोन गावच्या हौसाबाई, वय त्रेसष्ट, जवळजवळ सावरलेल्या, दोन दिवसांत घरी जायच्या होत्या. त्या गेल्या.

ड्युटीवर मनिषा नावाची नर्स होती. तीही कोनचीच. चौकशी समितीने ठपका तिच्यावर ठेवला. तिचा परवाना ठेवायचा की काढून घ्यायचा, याची सुनावणी सतरा नोव्हेंबरला आहे.

यंत्राची बाजू मांडायला कंपनीने मला पाठवलं होतं, सगळ्यात जुना म्हणून. अध्यक्षांनी विचारलं, "असं होऊ शकतं, हे आधी कुणी निदर्शनास आणलं होतं का?"

मी म्हटलं, "नाही."

पुढचा भाग तुला समजावायची गरज नाही. पण हे पत्र एखाद्या वकिलाच्या हाती पडलं तर त्यालाही कळावं, म्हणून बाळबोध लिहितो. यंत्राच्या अगदी पोटात, कर्नल नावाच्या मूळ प्रोग्राममध्ये, अनेक कामं एकाच वेळी चालतात. एका वस्तूला दोघांनी हात घातला तर घोटाळा होतो, म्हणून तिला लॉक. ज्याने लॉक घेतलं त्याने काम करायचं, बाकीच्यांनी थांबायचं. आणि घेतलं त्यानेच सोडायचं. दुसऱ्या कुणाला ते सोडता येत नाही. भानगड होते ती एका कामाला दोन लॉक लागतात तिथे.

हे तू नऊ वर्षांची असताना मी तुला स्वयंपाकघरात दाखवलं होतं. आईला आणि हदासाला एकाच वेळी वाटण वाटायचं होतं. आईने पाटा ओढून घेतला, हदासाने वरवंटा.

"वन्सं, वरवंटा द्या."

"आधी पाटा द्या, वहिनी."

"मी आधी धरलाय."

"मग मी काय नंतर धरलाय?"

जेवण साडेतीनला झालं, तेही आमलेट-पाव. तू विचारलंस, "पप्पा, भांडत तर नाहीत. मग करतायत काय?" मी म्हटलं, "वाट बघतायत." आणि नियम सांगितला: पाटा आधी, मग वरवंटा. पाटा मिळाला नाही तर वरवंट्याला हातच लावायचा नाही. सगळ्यांनी हाच क्रम पाळला की कुणी अडत नाही. तू तो नियम खडूने भिंतीवर लिहून ठेवलास. हदासाने सहा महिने तो पाळला, आईने अजून मान्य केलेला नाही.

हौसाबाईंच्या पंपात औषध सोडणाऱ्या कामाने पाटा धरला होता आणि भोंगा वाजवणाऱ्या कामाने वरवंटा. दोघं एकमेकांची वाट बघत बसले. म्हणून औषधही नाही आणि भोंगाही नाही. पडद्याला नवा आकडा कुणी दिलाच नाही, तो जुना मिरवत राहिला.

पंपाच्या नोंदींच्या पहिल्या पानावरच मला हे दिसलं. हुशारी नव्हे. मी ते आधी वाचलं होतं. तीन वर्षांपूर्वी, तुझ्या मेलमध्ये. "पप्पा, भोंग्याच्या वाटेवर कुणीतरी वरवंटा आधी उचलतंय." आणि खाली पाच ओळींची दुरुस्ती. घरातलं वाक्य तू ऑफिसात आणलंस, मला पटकन कळावं म्हणून.

मी त्याच मेलवर एक्केचाळीस जणांच्या देखत उत्तर दिलं, "लियोरा, इथे चटणी वाटायची नाही, पंप चालवायचा आहे. पाट्या-वरवंट्याची हौस असेल तर घरी जाऊन आईला मदत कर." सत्तावीस हसरे चेहरे आले. मी मोजले होते. महिनाभरात तू राजीनामा देऊन हदासाकडे निघून गेलीस, आणि मी लोकांना सांगत राहिलो की हल्लीच्या पोरांना विनोद सोसत नाही.

पंपातल्या त्या चुकलेल्या ओळी माझ्या होत्या, लियोरा. बारा वर्षांपूर्वीच्या. तुझ्या दुरुस्तीत चूक शोधायला मी दोन दिवस बसलो होतो. सापडली नाही. मग विनोद केला.

ऑगस्टच्या शेवटी मी कोनला गेलो. मनिषाला कंपनीचं नाव सांगितलं नाही, पंपातलं थोडं कळतं एवढंच म्हटलं. तिने खुर्ची दिली, चहा ठेवला. हौसाबाईंचं घर त्याच आळीत, चार दारं सोडून. पूर्वी सगळी आळी इंजेक्शन टोचून घ्यायला हिच्याकडे यायची. आता कुणी येत नाही.

"तीनदा बघितलं मी, साहेब. आकडा बरोबर होता."

"हो."

"आमाला आकडा वाचायला शिकवलाय. आकडा जिता हाय का मेलाय, ते नाय शिकवलं कोनी."

मी चहाचा कप उचलला.

"तुमाला म्हाईत हाय ना, काय झालं ते?"

मी म्हटलं, "चहा छान झालाय."

समितीच्या निकालात एक वाक्य आहे: "परिचारिकेने केवळ पडद्यावर विसंबून न राहता औषध प्रत्यक्ष जात असल्याची खातरजमा करणे अपेक्षित होते." ते माझं. माझ्या अहवालातून कानामात्रा न बदलता उचललंय. आयुष्यभर लोक म्हणत आले, इसाजी, तुझ्या लेखणीला धार आहे. बरोबर आहे. एका बाईचं पोट कापलं तिने.

शुक्रवारी मी कंपनीच्या वकिलाकडे गेलो, जबाब बदलायचाय म्हणून. फार नम्र माणूस. म्हणाला, "कागद आहे का काही, सर?" म्हटलं नाही, कंपनीने जुने मेल पुसलेत. "मग सर, तुम्ही थोडी विश्रांती घ्या. दमलायत." आजपासून मी रजेवर आहे. पंपाच्या नोंदी त्यांच्याकडे, आणि ऑफिसच्या दारावर माझं बोट आता चालत नाही.

त्या तुझ्या मेलबद्दल बाकीच्यांना विचारून पाहिलं. विनोद सगळ्यांना आठवतो. तो कशावर केला होता, ते कुणालाच नाही.

वकिलाला एक गोष्ट खोटी सांगितली. कंपनीने काही पुसलेलं नाही. तुझा मेल मी पुसला. हौसाबाई गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, नोंदींचं पहिलं पान वाचून झाल्यावर, जेवायला बसायच्या आधी. सर्व्हरवरूनही, म्हणजे सगळ्यांच्याच खात्यांतून. तेवढे अधिकार होते मला. मग जेवलो. भेंडी होती.

हदासा म्हणते, तू तो मेल आणि माझं उत्तर छापून टेबलासमोर भिंतीवर लावलंयस. तिला ते आवडत नाही. मला, खरं सांगू, आवडलं नव्हतं तेव्हा. आता जगात तेवढाच कागद उरलाय.

तो काढ आणि पाठव. मला नको. मनिषाच्या वकिलांचा पत्ता वेगळ्या चिठ्ठीवर लिहिलाय, सोबत हे पत्रही दे. माझ्या हातात तो आला तर मी काय करीन, ते मला ठाऊक आहे. जुलैत केलंच होतं. घेतलं त्यानेच सोडायचं, हे मी तीस वर्षं शिकवलं. माझ्याच्याने सुटत नाही.

दरफाळणीआधी माणसाने माणसाची माफी मागायची असते. ती मी मागत नाही. मागितली तर तुला माझा विचार करावा लागेल, आणि सतरा नोव्हेंबर जवळ आहे. तू पाठवशील असंही मला वाटत नाही. तुझ्या जागी मी असतो तर कागद भिंतीवरच ठेवला असता आणि रोज बघून हसलो असतो. पण तू कोडगी नाहीस. निदान तेव्हा नव्हतीस.

आईला यातलं काही माहीत नाही. ती आत्ता दारात येऊन म्हणाली, "एवढं काय लिहिताय? चौदा सेकंदांत मावेल का तिच्या?" माइकवाला गप्प झालाय. त्याला उत्तर मिळालं की तो कंटाळला, कळलं नाही.

आपल्या धंद्यात दुरुस्ती पाठवताना तळाशी नावं लिहितात, कुणी काय केलं त्याची. तुझ्या पाच ओळींखाली ती मी कधी लिहिली नाहीत. इथे लिहितो.

चूक दाखवली: लियोरा इसाजी आपटेकर
जीव गेला: हौसाबाई, कोन
आळ आला: मनिषा, कोन
चूक केली, हसण्यावारी नेली, पुसली, आणि आता सही करतो:

तुझा बाप,
इसाजी