बादली घेतलेली बाई

६ ऑक्टोबर, शुक्रवार

अतांची फिल्म शाबूत आहे. आमच्या ऑनलाइन गटातल्या शेरालीने आज दुपारी ओशहून फोनवर तसं सांगितलं. त्याने ती स्वतः पाहिली आहे. रिळावरून संगणकावर उतरवलीसुद्धा त्यानेच.

कचेरीत असते तर एवढं लिहून पुढच्या बातमीला लागले असते. पण फिल्म माझ्या वडिलांची आहे. स्टुडिओत कॅमेरामन म्हणून त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या फिल्मा काढल्या. स्वतःची म्हणून ही एकच. ती नष्ट झाली असं मला सांगितलं होतं तेमिरबेक बाइकेंनी. ते त्याच स्टुडिओत ध्वनिमुद्रक होते. मला थोरल्या भावासारखे, म्हणून बाइके. आमचा ऑनलाइन खेळही त्यांनीच सुरू केला.

काल काय झालं ते आधी नीट लिहून ठेवते. रागात तपशील हलतात.

गुरुवार, खेळाची संध्याकाळ. ज्याची पाळी असेल तो कुठल्यातरी फिल्ममधली एक फ्रेम गटात टाकतो. नाव नाही, साल नाही. बाकीच्यांनी ओळखायची. ओळखली तरी नाव लिहायचं नाही, 'खूण' द्यायची — त्या फ्रेमच्या लगेच आधी किंवा लगेच नंतर पडद्यावर काय घडतं ते. हा बाइकेंचा नियम. "नाव काय, यंत्रही शोधून देईल. खूण देईल तो ज्याने फिल्म पाहिलीय."

काल पाळी त्यांचीच होती. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, म्हणून सुनेला, मीरिमला, म्हणाले असतील — फोल्डरमधली पुढची टाक. फ्रेमच्या फाइलींना ते कधी नाव देत नाहीत, उत्तर फुटू नये म्हणून. मीरिमने भलताच फोल्डर उघडला.

काळी-पांढरी फ्रेम. उन्हाळी कुरण. तंबूच्या दाराचा लोकरी पडदा वर उचललेला, आणि बाहेर दुधाची बादली घेतलेली तरुण बाई. कॅमेऱ्याकडे अशी बघते की आता रागावेल. चेहरा माझा! म्हणजे अपाचा, माझ्या आईचा. अतांच्या त्या फिल्ममध्ये आई आहे, हे मी लहानपणापासून ऐकत आले.

काराकोलच्या ऐझिरेकने लगेच लिहिलं — ती दातांची डॉक्टर — "या बाईंची अक्कलदाढ दुखतेय. पाठवून द्या माझ्याकडे." कुणीतरी अल्माटीहून — "बाइके, ही फिल्म आहे की मामीच्या आल्बममधला फोटो?" मी काही लिहायच्या आत शेरालीची ओळ आली.

"बादली खाली ठेवते, आणि कुत्रा तीत तोंड घालतो."

खूण.

मग ती ओळ पुसली गेली. मग फ्रेमही. बाइकेंच्या नावाने निरोप — "चुकून पडली. दुसरी देतो." तोवर मी फ्रेम मोबाइलमध्ये उतरवून घेतली होती.

शेराली शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो. खोटं बोलायला त्याला जमत नाही. मला एजे, थोरली बहीण, म्हणतो; आज फोनवर म्हणाला, "एजे, बाइके म्हणाले होते, झिपार एजेला यातलं काही सांगायचं नाही. का ते मी विचारलं नाही. पण फ्रेम दिसली आणि हातातून खूण निघून गेली. डोकं मागून आलं."

त्याच्यावर राग धरता येत नाही. तेवढंच वाईट — राग सगळाच्या सगळा एका माणसाकडे जातो.

७ ऑक्टोबर, शनिवार

अतांच्या मातीच्या दिवशी बाइके आमच्या अंगणात उभे राहून रडले होते. स्टुडिओच्या तळघरात पाणी शिरलं, म्हणाले. "डबा उघडला तर आत चिखल, झिपार. हातात धरवेना."

एका तोंडची बातमी मी कधी चालवली नाही. ही मात्र मृत्युलेखात घातली. माझ्या नावाने छापून आली.

८ ऑक्टोबर, रविवार

बाइकेंकडे जाऊन आले. एका डोळ्यावर पट्टी. मीरिमने टेबल भरून टाकलं — जर्दाळूचा मुरंबा, साय, गरम रोटी. माझ्याकडे न बघता चहा ओतत होती. तिला आता कळलंय आपण काय टाकलं ते.

"शेराली बोलला ना?"

"खूण बोलली. त्याने नुसतं हो म्हटलं."

"पोरगं हुशार आहे. तोंडाला झाकण नाही."

"फिल्म कुठे आहे?"

"या घरातच. दिवाणाखाली."

मी त्याच दिवाणावर बसले होते. दर सणाला मी तिथेच बसत आलेय, आणि मांडीवर ताट घेऊन याच माणसाच्या गोष्टी ऐकत आलेय.

"तुम्ही माझ्यासमोर रडलात, बाइके."

"तुझ्या अतांसाठी रडलो. ते खरं होतं."

"आणि चिखल?"

"तळघरात पाणी शिरलं होतं, तेही खरं. पुढचं खोटं."

"मला द्या."

"नाही देता येत."

"का?"

"शब्द दिलाय."

"कुणाला? अतांना?"

"चहा निवतोय, झिपार."

"मला चहा पाजून गप्प बसवणार? तुमच्या नातवासारखं?"

"नातू तुझ्याइतका हट्टी नाही," म्हणाले. पण हसले नाहीत.

मी उठले. मीरिम हातात रोटी घेऊन जिन्यापर्यंत मागे आली. "एजे, रोटीला तोंड न लावता कुणी असं निघतं का? कडेचा तुकडा तरी मोडा." मी मोडला नाही. उभ्या आयुष्यात कुणाच्या दारातून अशी निघाले नव्हते. खाली पोहोचेपर्यंत तिचा आवाज येत होता — "लोक काय म्हणतील, एजे!"

९ ऑक्टोबर, सोमवार

गट सोडला. ऐझिरेकचा निरोप — "तुम्ही गेलात तर आम्हाला हरवणार कोण? परत या. मी मुद्दाम चुकेन, हवं तर."



१० ऑक्टोबर, मंगळवार

बातमी लिहिली. दिवंगत कॅमेरामनची हरवलेली मानलेली फिल्म जुन्या सहकाऱ्याच्या घरी. कुटुंबाला अंधारात ठेवलं. नावासकट. एकही विशेषण वापरलेलं नाही, म्हणून जास्त झोंबेल. बाइके बाजारात गेले तर फळवालासुद्धा विचारेल.

आमचा संपादक कुबात वाचून म्हणाला, "ताई, बातमी चोख आहे. पण हा म्हातारा म्हणतो शब्द दिलाय. कुणाला? समजा तुमच्याच घरच्यांनी ठेवायला दिली असेल तर?"

"घरची म्हणजे मी आणि आई."

"मग आईचा दुजोरा आणा. शुक्रवारी संध्याकाळी लावतो."

बरोबर बोलला. मी त्याच्या जागी असते तर हेच मागितलं असतं.

बाइकेंनी फिल्म का दडवली असेल? स्वतःच्या नावावर करायला? पण ध्वनिमुद्रक मूकपटावर काय हक्क सांगणार. परदेशी विकायला? त्यांच्या घरातला गालिचासुद्धा जुनाच आहे. कारण सापडत नाही, आणि त्यानेच जास्त लागतं. लोभाने फसवलं असतं तर समजलं असतं.

११ ऑक्टोबर, बुधवार

अपा खिडकीशी लोकर विंचरत बसली होती. मोबाइल तिच्यासमोर धरला.

"अपा, ओळख बघू कोण?"

तिने मोबाइल हातात घेतला. जवळ धरला, लांब धरला. मग पालथा मांडीवर ठेवला.

"माझे डोळे गेले गं."

माझी पडलेली सुई परवाच दारातून दाखवली होती हिने.

"फिल्म बाइकेंकडे आहे, अपा. इतकी वर्षं लपवून ठेवली त्यांनी."

"तेमिरबेक चांगला माणूस आहे."

"चांगला? आपल्याला फसवलं त्याने!"

"चांगला आहे म्हटलं ना. चहा टाक."

टाकला. ती प्यायली नाही. संध्याकाळभर लोकरीचा तोच पुंजका विंचरत होती.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

शेरालीने फिल्म पाठवली. सोबत निरोप — "बाइकेंना सांगून पाठवतोय, एजे, चोरून नाही. ते म्हणाले, पाठव. तिला म्हणावं, पाहण्याआधी आईला विचार."

विचारलं नाही. स्वयंपाकघरात बसून पाहिली.

फिल्म मुकी आहे, ऐकलं होतं तशीच. जेमतेम चहा निवेपर्यंत संपते. जे दिसलं ते क्रमाने लिहिते.

कुरण, सकाळ. बादलीवाली बाई घोडीची धार काढते. तंबूत पाळणा, ती पायाने हलवत राहते, हाताने कणीक मळते. बाळाचं तोंड दिसत नाही. मग लांबून घोड्यावर कुणीतरी येतं. बाईचं मळणं थांबतं. स्वार जवळ येतो — बाई आहे. अंगात शहरी कोट, डोक्याला नवा रुमाल. बादलीवाली बाळ गुंडाळते. गाठ बांधते, सोडते, पुन्हा बांधते. बाहेर येऊन गाठोडं वर करते. स्वार खाली वाकून ते कोटाच्या आत घेते आणि घोडा वळवते.

मला वाटलं, कॅमेरा आता घोड्यामागे जाईल. गेला नाही. तो बादलीवालीवरच राहिला. ती आत जाते, बादली घेऊन बाहेर येते — रोजचं काम म्हणून — आणि मग कॅमेऱ्याकडे बघते. तीच फ्रेम. आता कळलं, ती रागावलेली नाही. विचारतेय. कॅमेऱ्यामागच्या माणसाला विचारतेय. मग बादली खाली ठेवते. कुत्रा येऊन दूध पितो. ती त्याला हाकलत नाही. कुरणावरची बाई दुधातून कुत्रा हाकलत नाही, असं मी जन्मात पाहिलेलं नाही.

अतांचा हात एवढासुद्धा हललेला नाही. चित्र स्थिर. नितळ. एरवी याच हाताचं मी केवढं कौतुक करत आले.

घोड्यावरची बाई मी पुन्हा मागे जाऊन पाहिली, थांबवून पाहिली. लगाम डाव्या हातात, जिवणी घट्ट मिटलेली. ती अपा आहे. शंकाच नाही.

मग माझा चेहरा असलेली ही दुसरी कोण?

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

बातमी मागे घेतली. कुबातला सांगितलं, दुजोरा मिळाला, पण वेगळ्याच गोष्टीचा. अपाने सकाळी स्वतःहून दिला, लोकर बाजूला ठेवून. "ती उमसुनाई. माझी धाकटी बहीण. मला होत नव्हतं, तिला झालं. तिने दिलं. आमच्यात देतात. तेमिरबेककडून शब्द मीच घेतला होता, मी असेपर्यंत. जाळून टाक म्हटलं होतं, ते त्याने ऐकलं नाही." मी विचारलं, "आणि अता?" म्हणाली, "तो म्हणाला, काढून ठेवतो, पोरीला कधीतरी लागेल. मग दाखवायचा त्यालाच कधी धीर झाला नाही."

उमसुनाई मावशी नारीनला असते. अपाने माझ्यासमोरच तिला फोन लावला आणि एवढंच म्हणाली — "झिपारने पाहिलं." काय पाहिलं, असं पलीकडून विचारलं गेलं नाही. सकाळच्या टॅक्सीत तिला जागा मिळाली आहे. उद्या दुपारपर्यंत ती पोहोचेल.